राष्ट्रीय पक्षी : मान कोणाचा, कायदा कोणावर?

राष्ट्र म्हणजे केवळ भूमी नव्हे, केवळ सरकारही नव्हे. राष्ट्र स्वतःविषयी एक चित्र उभे करते आणि ते चित्र ज्या वस्तूंतून लोकांसमोर ठेवते, त्यांना आपण राष्ट्रीय चिन्हे म्हणतो. ध्वज, मुद्रा, गीत, प्राणी, पक्षी, फूल, झाड. शाळेच्या भिंतीवर ही चिन्हे एका ओळीत रंगविलेली असतात आणि मुले ती पाठ करतात. पाठ करताना कोणी विचारीत नाही की, ही निवड कोणी केली, कोणत्या कसोटीवर केली आणि या निवडीमागे कायद्याचे बळ कितपत आहे. प्रस्तुत लेखात मी हे तीन प्रश्न एका पक्ष्याच्या संदर्भात मांडणार आहे. पक्षी निमित्त आहे. खरा प्रश्न आहे तो मान आणि संरक्षण यांच्यातील अंतराचा. हे अंतर आपण दलितांनी स्वतःच्या आयुष्यात मोजलेले आहे. म्हणून ते पक्ष्याच्या बाबतीतही आपल्याला चटकन दिसते.

आकुर्डीत आम्ही काही मंडळी रविवारी अभ्यासवर्ग चालवतो. येणारी मुले बहुतेक कामगारांची. त्यांचे आजे-पणजे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर सोलापूर, मराठवाडा, नगरकडून या पट्ट्यात आले. माझे वडीलही त्यांतलेच, करमाळ्याकडच्या माळावरून आलेले. मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मोर राष्ट्रीय पक्षी कोणत्या कायद्याने झाला? कलम किती?" मार्गदर्शक पुस्तकात १९६३ हे साल होते, पण कायद्याचे नाव नव्हते. पुस्तकाची ही चूक नव्हती. मोराला राष्ट्रीय पक्षी ठरविणारा संसदेचा कायदा नाहीच.

हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. म्हणून आधी कायद्याची बाजू नीट पाहू.

राष्ट्रध्वजाचा स्वीकार संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी रीतसर ठराव करून केला. त्यापूर्वी ध्वजासाठी राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे एक सदस्य होते. चरख्याच्या जागी अशोकाचे चक्र आले ते याच प्रक्रियेत. राजमुद्रा म्हणून सारनाथचे सिंहशीर्ष २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. पुढे या चिन्हांच्या रक्षणासाठी कायदे झाले. १९५० चा कायदा नावांच्या व चिन्हांच्या व्यापारी गैरवापराविरुद्ध आहे. १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांच्यापुरता आहे. राजमुद्रेसाठी २००५ साली वेगळा कायदा झाला. संविधानातील ५१-क या अनुच्छेदाने १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली. त्यात संविधान, ध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर राखण्यास सांगितले आहे, प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्यास सांगितले आहे. पण राष्ट्रीय पक्ष्याचा उल्लेख नाही.

मोराची निवड शासनाने केली, संसदेने नव्हे. वाघाचेही तसेच. १९७२ पर्यंत सिंह हा राष्ट्रीय प्राणी मानला जात होता. त्या वर्षी वन्यजीव मंडळाने वाघाला ती जागा दिली. मंडळाने बदलले, लोकसभेत त्यासाठी विधेयक आले नाही. हॉकीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण हॉकी हा राष्ट्रीय खेळ म्हणून घोकला; २०१२ साली माहितीच्या अधिकारात विचारणा झाली तेव्हा क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिले की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. हिरव्या-पिवळ्या रंगाचे, पिवळ्या पायांचे हे कबूतर वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. तेही शासकीय घोषणेनेच राज्यपक्षी झाले. राज्यातल्या किती माणसांनी ते ओळखून पाहिले आहे, हा प्रश्न वाचकांनी आपल्या गावी विचारून पाहावा.

तात्पर्य, राष्ट्रीय पक्षी हा मान आहे, कायदा नव्हे. कायदा वेगळ्या वाटेने आला, त्याकडे पुढे येतो. आधी निवडीकडे पाहू. कारण निवडीतच मूल्ये दडलेली असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर पक्षिसंरक्षणाचा विचार जगभर होऊ लागला. १९६० साली टोकियोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिसंरक्षण परिषदेत प्रत्येक देशाने आपला एक राष्ट्रीय पक्षी निवडावा, असा विचार पुढे आला. हेतू चांगला होता. एक पक्षी राष्ट्राचा झाला की त्याच्या निमित्ताने इतरांचेही रक्षण होईल, ही कल्पना. भारतात वन्यजीव मंडळापुढे हा विषय आला. निसर्गलेखक मा. कृष्णन यांनी १९६१ साली 'द हिंदू'मध्ये या चर्चेविषयी लिहिले. सारस, माळढोक, ब्राह्मणी घार, हंस ही नावे चर्चेत होती. कसोट्या साधारण अशा होत्या : पक्षी देशभर माहीत असावा, सामान्य माणसाला ओळखता यावा, चित्रात आणि मुद्रेत शोभावा, आणि या देशाच्या पुराणकथा-दंतकथांशी त्याचे नाते असावे. मोर या साऱ्यांत उतरला आणि १९६३ साली तो राष्ट्रीय पक्षी झाला.

या यादीतील एका नावाशी मी थांबतो. ब्राह्मणी घार. पांढरे डोके, पांढरी छाती, अंगाचा बाकीचा भाग तांबूस विटकरी. समुद्रकिनाऱ्यावर, खाडीवर आणि तळ्यांवर ही घार दिसते. विष्णूचे वाहन गरुड ते हेच, अशी अनेकांची श्रद्धा. आता आकुर्डी-निगडीच्या आकाशात, कचरा डेपोवर, मटणाच्या दुकानांवर घिरट्या घालणारी जी साधी तपकिरी घार आहे, तिचे इंग्रजी पक्षिग्रंथांतील नाव काय होते? 'पारिया काइट'. पारिया म्हणजे तामिळ देशातील परैयर, अस्पृश्य जात. एका घारीला ब्राह्मण केले, दुसरीला अस्पृश्य. दोघीही मेलेले मासे, आतडी, टाकलेले खरकटे उचलतात. धंद्यात भेद नाही. भेद आहे तो रंगात आणि नावात. पांढऱ्या डोक्याची ती पवित्र, मातकट ती अपवित्र. यादी इथेच संपत नाही. ब्राह्मणी मैना आहे, ब्राह्मणी बदक आहे, आणि रस्त्यावरचा बेवारस देशी कुत्रा इंग्रजीत 'पारिया डॉग' आहे.

ही नावे साहेबांनी लिहिली हे खरे. पण साहेबाला ती सांगितली कोणी? पक्ष्यांची वर्णव्यवस्था त्याने विलायतेहून आणली नव्हती. इथल्या समाजाकडे पाहून त्याने ती पुस्तकात उतरविली. ज्या समाजाला माणसाची प्रतवारी लावल्याशिवाय चैन पडत नाही, तो आकाशातही प्रतवारी लावतो. आता शास्त्रीय ग्रंथांत साध्या घारीला 'ब्लॅक काइट' म्हणतात, ही चांगली गोष्ट झाली. मात्र 'ब्राह्मणी' हे विशेषण अजून तसेच आहे. शिवी काढून टाकणे सोपे जाते, बिरुद काढून घेणे अवघड जाते.

मोराच्या निवडीवर याच शुद्धतेच्या कल्पनेची छाया कशी पडते, याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. ३१ मे २०१७ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त होणाऱ्या न्यायमूर्तींनी गाईला राष्ट्रीय प्राणी करावे असे सुचविले आणि त्याच दिवशी वार्ताहरांना सांगितले की मोर आजन्म ब्रह्मचारी असतो, लांडोर त्याचे अश्रू पिऊन गर्भवती होते, म्हणूनच तो राष्ट्रीय पक्षी आहे. देश हसला. पण हसून सोडून देण्यासारखे ते नव्हते. मोर पिसारा फुलवून नाचतो तो लांडोरीला आकृष्ट करण्यासाठी. एक मोर अनेक लांडोरींशी जोडी करतो. सर्व पक्ष्यांप्रमाणेच तोही प्रजनन करतो. शेतकऱ्याच्या पोराला जे माहीत आहे ते उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना माहीत नसावे, हे अज्ञान पुस्तके न वाचल्याचे नाही. एखाद्या गोष्टीला मान द्यायचा तर ती आधी देहधर्मापासून मुक्त, 'शुद्ध' असली पाहिजे, या संस्काराचे ते अज्ञान आहे. शुद्धतेच्या याच संस्काराने माणसांचे पाणवठे वेगळे केले.

आता माळढोकाकडे वळू. सलीम अलींचा कौल माळढोकाला होता. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता. मोर सर्वत्र आहे, लोक त्याला जपतात. माळढोक मात्र झपाट्याने नाहीसा होतो आहे, राष्ट्रीय मान मिळाला तर तो वाचेल. म्हणजे मान कोणाला द्यावा? ज्याच्याकडे आधीच वैभव आहे त्याला, की ज्याला त्या मानाने जगता येईल त्याला? हा प्रश्न केवळ पक्षिशास्त्राचा नाही, हे अस्मितेच्या चळवळीत वाढलेल्या वाचकाला मी वेगळे सांगायला नको. माळढोकाचे इंग्रजी नाव एका शिवीसारखे ऐकू येते, छापताना चूक झाली तर राष्ट्राची नाचक्की होईल, म्हणून तो मागे पडला, असाही एक किस्सा पक्षिमित्रांत सांगितला जातो. किस्सा खरा असो वा नसो, तो सांगणाऱ्यांना खरा वाटतो हे महत्त्वाचे. नावामुळे मागे पडणे म्हणजे काय, हे ज्यांची गावातली नावे शिवीसारखी उच्चारली गेली त्यांना समजते.

माळढोक माळावर राहतो. गवत, खुरटी झुडपे, उघडे आकाश. १९६९ च्या सुमारास देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आज दीडशेही उरले नाहीत आणि उरलेल्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. २०११ पासून तो जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला आहे. महाराष्ट्रात सोलापूर-नगर पट्ट्यात १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. नान्नज हे त्यातले प्रसिद्ध ठिकाण. आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

माळ का संपले? कारण आपल्या शासकीय दप्तरात माळाला 'पडीक' म्हणतात. ज्यावर ऊस नाही, ज्यावर साग नाही, ती जमीन निरुपयोगी. मग तिथे कालवा न्या, कारखाना आणा, झाडे लावा, विजेच्या तारा ओढा. माळढोक जड पक्षी. समोरच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी राजस्थान-गुजरातेतील त्याच्या प्रदेशात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २१ मार्च २०२४ रोजी तो आदेश शिथिल करून समितीकडे सोपविला.

पण या माळावर केवळ माळढोक नव्हता. त्या पडीक म्हटलेल्या जमिनीवर, गायरानावर, भूमिहीनांची नजर आणि आशा होती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून जो भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात लाखो माणसे तुरुंगात गेली ती याच पडीक जमिनीसाठी. मोर राष्ट्रीय पक्षी होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. एकीकडे राष्ट्र आपल्या चिन्हाची निवड करीत होते आणि दुसरीकडे राष्ट्राचे नागरिक दोन एकर माळ मागत होते. दोन्ही घटना एकाच देशाच्या आहेत, पण इतिहासाच्या एकाच पानावर त्या कधी छापल्या जात नाहीत.

पुढे माळढोकासाठी जेव्हा अभयारण्य आखले तेव्हा ते नकाशावर आखले गेले. ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे, शेते, वस्त्या, तालुक्याची ठिकाणेसुद्धा आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. ज्याच्याकडे वीस एकर होते तो कुरकुरला, ज्याच्याकडे एक एकर होता तो अडला; मुलीच्या लग्नाला, आजारपणाला विकायला तेवढेच होते. अखेर क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. इतक्या वर्षांत माळढोक वाचला नाही आणि माणसाचा विश्वासही गेला. माळावर राहणाऱ्या माणसाला न विचारता माळावरचा पक्षी वाचवता येत नाही, हा त्यातला धडा आहे.

आता मोराच्या रक्षणाच्या कायद्याकडे येऊ. मान १९६३ चा, संरक्षण १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे. या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत मोर आहे. शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फासे लावणे, पकडणे, अंडी फोडणे हेही शिकारीतच येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे. दंडाची किमान रक्कम २०२२ च्या दुरुस्तीने दहा हजारांवरून पंचवीस हजार रुपये झाली. गळून पडलेल्या पिसांचा देशांतर्गत व्यवहार कायद्याने मोकळा ठेवला आहे. म्हणून वासुदेवाच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप आजही दिसतो. पण कलम ५७ प्रमाणे वन्यप्राणी वा त्याचे मांस कोणाच्या ताब्यात सापडल्यास ते बेकायदा आहे असेच धरले जाते आणि तसे नाही हे आरोपीने सिद्ध करायचे असते.

कायदा आवश्यक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. बंदुकवाल्या हौशी शिकाऱ्यांनी, जमीनदारांनी आणि संस्थानिकांनी या देशातली जनावरे संपविली. पण कायद्याचा हात प्रथम कोणापर्यंत पोहोचतो? फासेपारध्यापर्यंत. त्याच्या जमातीचे नावच त्याच्या अवजारावरून पडले आहे : फासे लावून तितर, लावे, ससे, मोर पकडणारा. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. पारधी त्या शिक्क्याखाली आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला. वीस वर्षांनी दुसरा कायदा आला आणि पारध्याचे परंपरागत कामच गुन्हा ठरले. एकदा जन्माने गुन्हेगार, एकदा धंद्याने गुन्हेगार. मधल्या वीस वर्षांत त्याला जमीन दिली असती, शाळा दिली असती, दुसरे काम दिले असते, तर हा कायदा न्यायाचा झाला असता. पक्ष्याला अभय देताना पक्ष्यावर जगणाऱ्याला पर्याय द्यायचे राहून गेले. पारध्याइतके रानातल्या पक्ष्यांचे ज्ञान कोणाला आहे? कोणता पक्षी कुठे अंडी घालतो, कोणत्या हाकेला उत्तर देतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. हे ज्ञान रक्षणाच्या कामी लावण्याऐवजी ते आरोपपत्रात पुरावा म्हणून लावले गेले.

येथे एक तुलना करणे भाग आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ती घोषणा थोर होती. पण घोषणेने पाणवठा खुला झाला नाही. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, १९७६ साली तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. घोषणेपासून दात असलेल्या कायद्यापर्यंत पोहोचायला एकोणचाळीस वर्षे लागली. आणि दात आल्यावरही काय झाले? २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गैरवापराची भीती दाखवून अटकेपूर्वी प्राथमिक चौकशी आणि परवानगीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसे मेली. त्यानंतर संसदेने कायदा दुरुस्त करून पूर्वस्थिती आणली. मोराच्या बाबतीत घोषणेपासून कायद्यापर्यंत नऊ वर्षे लागली, आणि त्या कायद्याच्या गैरवापराने पारधी वस्ती चिरडली जाते काय, हा प्रश्न राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला नाही. मोराचा हेवा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. राज्यसंस्थेला एखाद्याचे रक्षण करायचे ठरवले की ती किती वेगाने आणि किती कठोरपणे करू शकते, हे तिने स्वतःच सिद्ध केले आहे, एवढेच मला दाखवायचे आहे. सामर्थ्य कमी पडत नाही. इच्छा कमी पडते.

आणखी एक पक्षी या चर्चेत यायला हवा होता, पण त्याचे नाव कोणत्याही यादीत आल्याचे दिसत नाही. गिधाड. मेलेली जनावरे गावाबाहेर ओढून टाकली की बाकीचे काम गिधाडे करीत. रोगराई थोपवणारा हा पक्षी अमंगळ ठरला. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने १९९० च्या दशकापासून गिधाडे मेली. भारतीय लांब चोचीच्या गिधाडांची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. गिधाडे गेल्यावर कुजणाऱ्या सांगाड्यांचा आणि भटक्या कुत्र्यांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांच्या कामाची किंमत कळली.

येथे मी एक इशारा देऊन ठेवतो. गिधाडाची आणि आपली तुलना कोणी करू नये. माणसाला जनावराच्या जागी ठेवण्याचे काम या समाजाने पुष्कळ केले आहे, त्यात आपण भर घालण्याचे कारण नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांशी असलेले नाते तोडायला सांगितले ते माणूसपणासाठी. माझा मुद्दा वेगळा आहे. सौंदर्याला मान आणि श्रमाला विटाळ, हे ज्या समाजाचे मूल्य आहे, तो समाज चिन्ह निवडतानाही तेच मूल्य वापरतो. मोर शोभतो म्हणून निवडला. उपयोगी पडणारा पक्षी निवडीला उभासुद्धा राहिला नाही.

परदेशाकडे पाहिले तर चित्र वेगळ्या रीतीने तसेच आहे. अमेरिकेच्या राजमुद्रेवर पांढऱ्या डोक्याचा गरुड १७८२ पासून आहे. १९४० साली त्याच्या रक्षणाचा कायदा झाला. तरीही डीडीटीच्या फवारणीने तो संपत आला. १९६३ साली अलास्का सोडून त्या देशात त्याच्या अवघ्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. डीडीटीवर बंदी आली, संख्या वाढली आणि २००७ साली तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. गंमत अशी की एवढी वर्षे तो राष्ट्रीय पक्षी आहे असे सारे मानत होते, पण कायद्यात तसे कुठेच लिहिलेले नव्हते; डिसेंबर २०२४ मध्ये तेथील संसदेने कायदा करून ते लिहिले. २४२ वर्षांनी! म्हणजे तिथे रक्षण आधी झाले आणि कायदेशीर मान नंतर आला. एक गोष्ट मात्र आपण नोंदवून घ्यावी अशी आहे. गरुडाचे पीस हे तेथील मूळच्या रहिवासी जमातींच्या धर्मविधीत पवित्र मानले जाते. पीस जवळ ठेवणे इतरांना गुन्हा आहे. पण या जमातींच्या नोंदणीकृत सदस्यांना परवाना काढून पीस मिळते आणि मेलेले गरुड गोळा करून त्यांना पिसे पुरविणारे एक सरकारी भांडार कोलोरॅडो राज्यात आहे. पिसांसाठी पुष्कळ काळ वाट पाहावी लागते, अन्याय संपलेला नाही. तरी पक्ष्याचा कायदा करताना त्या पक्ष्याशी जगण्याने जोडलेला माणूस कायद्याच्या मजकुरात आला. आपल्या कायद्यात पारधी कुठे आहे?

मग मोर नाकारायचा काय? असे माझे म्हणणे नाही. मोर पुराणांचा जेवढा आहे तेवढाच, किंबहुना त्याआधीपासून, बुद्धाच्या परंपरेचा आहे. जातककथांत बोधिसत्त्व सोनेरी मोराच्या जन्माला आल्याची कथा आहे. वेरूळच्या सहाव्या लेण्यात महामायूरी आहे. तिच्याजवळ मोर आहे आणि पायथ्याशी एक विद्यार्थी ग्रंथ वाचीत बसला आहे. आजच्या शाळेत जी विद्येची देवता मोरासह पुजली जाते, तिच्याकडे पाहताना हे शिल्प आठवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, मोराला अभय देणारी या देशातील सर्वांत जुनी राजाज्ञा आज आपल्याला वाचता येते, ती सम्राट अशोकाची. आपल्या पहिल्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज असंख्य जीव मारले जात. आता केवळ दोन मोर आणि एक हरिण मारले जाते, हरिणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. स्तंभलेखात त्याने अवध्य पक्ष्यांची यादी दिली. त्यात पोपट, मैना, चक्रवाक, हंस आहेत आणि गावातली साधी कबुतरेही आहेत.

या आज्ञेचे वैशिष्ट्य काय? बंधन त्याने प्रथम स्वतःच्या स्वयंपाकघरावर घातले. पारध्याच्या झोपडीपासून सुरुवात केली नाही. यादी करताना शोभिवंत पक्षी निवडून साधे पक्षी टाकून दिले नाहीत. ज्याचे चक्र आपल्या ध्वजावर आहे आणि ज्याचे सिंह आपल्या राजमुद्रेवर आहेत, त्याने घालून दिलेली ही रीत आहे. चिन्हे आपण त्याची घेतली, रीत घेतली नाही. आकुर्डीपासून जवळच देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथे जाणाऱ्या तरुणांनी एवढे लक्षात घ्यावे की प्रतीक उभे करणे हे काम अर्धे असते. प्रतीकामागची रीत जगण्यात आणली तरच ते पुरे होते.

कार्यकर्त्यांसाठी आणि शिक्षकांसाठी शेवटी तीन गोष्टी सांगतो. पहिली : कोणतेही राष्ट्रीय चिन्ह शिकवताना मान, घोषणा आणि कायदा यांतला फरक शिकवा, मुलांना कलम विचारायला शिकवा. जे मूल मोराचे कलम विचारते ते उद्या आपल्या वस्तीच्या जमिनीचेही कलम विचारील. दुसरी : वन्यजीव कायद्याखाली पकडलेल्या पारधी माणसाची बाजू घेणे म्हणजे मोराच्या विरुद्ध जाणे नव्हे. त्याला वकील मिळतो काय, जबाब कोणत्या भाषेत घेतला, पंच कोण होते, जप्त केलेले पीस गळालेले होते की उपटलेले, हे पाहणे हे चळवळीचे काम आहे. तिसरी : गायरान आणि माळ यांवरचा भूमिहीनांचा हक्क आणि माळावरच्या पक्ष्याचा जगण्याचा हक्क हे एकमेकांचे शत्रू आहेत, असे आपल्याला सांगितले जाईल. त्यावर विश्वास ठेवू नका. माळ ज्यांनी कारखान्यांना, कालव्यांना आणि भूखंडांना दिला त्यांनी तो पक्ष्याकडूनही घेतला आणि माणसाकडूनही.

त्या विद्यार्थिनीला मी उत्तर दिले ते असे : मोराला राष्ट्रीय पक्षी करणारा कायदा नाही, मोराला मारू नये असा कायदा आहे. तिने वहीत दोन्ही वाक्ये लिहून घेतली आणि विचारले, "मग यांत मोठे कोणते?" वाचकहो, हा प्रश्न पक्ष्यापुरता नाही. या देशाने आपल्याला १९५० साली मान दिला. संरक्षणासाठी आपण अजून लढत आहोत. मानाची भाषणे दरवर्षी होतात. हिशेब मात्र संरक्षणाचा मागायचा आहे.